भूऔष्णिक वीजप्रकल्पात गावाला आणि स्थानिक व्यवसायांना सहभागी करून घेताना

कोळसा खाणीपासून शेकडो किलोमीटर दूर नेऊन जाळता येतो. जमिनीखालची वाफ मात्र नळातून काही किलोमीटर नेली की वाटेतच निवू लागते. त्यामुळे भूऔष्णिक वीजकेंद्राला उष्णता असेल तिथेच उभे राहावे लागते आणि एकदा उभे राहिले की ते सहसा दोन-तीन पिढ्या तिथून हलत नाही. इटलीतील लार्देरेल्लो येथे १९१३ साली व्यापारी तत्त्वावर वीजनिर्मिती सुरू झाली आणि दुसऱ्या महायुद्धातील विध्वंसाचा काळ सोडला, तर त्या खोऱ्यात ती आजही चालू आहे. न्यूझीलंडमधील वाइराकेई क्षेत्रातून १९५८ पासून वीज मिळते आहे. हा भूगोलाने लादलेला शेजार आहे आणि तो निभावण्याची तयारी पहिल्या दिवसापासून करावी लागते.

याच्या जोडीला दुसरी अडचण आहे. ऊन किंवा वारा वर्षभर मोजून प्रकल्पाचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो. जमिनीखाली दोन-अडीच किलोमीटरवर उष्णता, पाणी आणि पाणी खेळू देणारा भेगाळ खडक या तिन्ही गोष्टी एकत्र आहेत की नाहीत, हे विहीर खोदल्याशिवाय नक्की कळत नाही. त्यामुळे गावाशी पहिले बोलणे करण्याची वेळ येते, तेव्हा प्रकल्पकर्त्याच्या स्वतःच्या हातात एकही खात्रीचा आकडा नसतो. बहुतेक चुका याच काळात होतात. एखादा अधिकारी नोकऱ्या आणि स्वस्त विजेची आश्वासने देऊन मोकळा होतो. दुसरा ‘अजून काहीच ठरलेले नाही’ असे म्हणून गप्प बसतो आणि रस्त्यावरून रिगचे (विहीर खोदणाऱ्या यंत्राचे) अवजड ट्रक येऊ लागले की गावाला प्रकल्पाची पहिली बातमी कळते.

पुढे सुचवलेली पद्धत एका नियमावर उभी आहे : गावाशी चाललेले बोलणे खोदकामाच्या नेहमी एक टप्पा पुढे असावे. प्रत्येक टप्प्याची माहिती, त्याचा त्रास, त्यातून मिळणारे काम आणि त्याबद्दलचा निर्णय हे सारे तो टप्पा सुरू होण्याआधी उरकलेले असावे.

‘स्थानिक’ कोण, हे आधी ठरवा

कुंपणाला लागून असलेली घरे म्हणजे स्थानिक समाज, ही व्याख्या भूऔष्णिक प्रकल्पात अपुरी पडते. गरम पाण्याचे झरे कित्येक किलोमीटरवर असले, तरी ते त्याच भूगर्भीय साठ्यावर अवलंबून असू शकतात. ओढ्याच्या खालच्या अंगाला शेती करणाऱ्यांना विहिरीतून सांडलेल्या खारट पाण्याची भीती असते. अवजड वाहतुकीचा त्रास रस्त्याकाठच्या त्या वस्त्यांना होतो, ज्यांचा प्रकल्पाशी एरवी काही संबंध नसतो. शिवाय कागदावर नाव नसलेले, पण पिढ्यान्‌पिढ्या त्या जमिनीवर गुरे चारणारे किंवा तिला पवित्र मानणारे लोक असतात. अपो पर्वताचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. फिलिपिन्समधील मिंडानाओ बेटावरच्या या पर्वतावर भूऔष्णिक प्रकल्प येणार असे ठरले, तेव्हा १९८९ साली तिथल्या लुमाड या मूलनिवासी समाजाच्या वडीलधाऱ्यांनी एकत्र येऊन पर्वताच्या रक्षणाची रक्तशपथ घेतली. प्रकल्पाच्या कागदांवर तो पर्वत म्हणजे उष्णतेचा साठा होता आणि शपथ घेणाऱ्यांसाठी ते दैवत होते. हा फरक नकाशा पाहून कळत नाही.

म्हणून भूभौतिकी सर्वेक्षणाची पथके फिरू लागण्याच्या सुमारासच, किंबहुना थोडे आधी, सामाजिक पाहणी सुरू करावी. ती करणाऱ्याला स्थानिक भाषा यायला हवी आणि त्याने किमान दोन ऋतू तिथे काढायला हवेत, कारण उन्हाळ्यात ओसाड दिसणारे माळरान पावसाळ्यानंतर चराऊ कुरण झालेले असते. निवडून आलेले प्रतिनिधी, जातीजमातींचे वडीलधारे, पाणी भरणाऱ्या स्त्रिया, भूमिहीन मजूर आणि दुकानदार यांना वेगवेगळे भेटावे. सर्वांची मिळून एकच सभा घेतली की तीत चार-पाच जणच बोलतात आणि इतिवृत्तात मात्र ‘गावाची सहमती’ अशी नोंद होते.

याच काळात करायचे आणखी एक काम तांत्रिक वाटते, पण मूलतः ते विश्वासाचे आहे. परिसरातील सगळे झरे, विहिरी आणि ओढे यांचे तापमान, प्रवाह आणि रासायनिक घटक निदान वर्षभर नियमितपणे मोजावेत आणि मोजताना गावातील दोन-तीन माणसे सोबत असावीत; शक्य असेल तर मापन त्यांच्याच हाती द्यावे, त्यासाठी त्यांना शिकवावे आणि त्याचे मानधनही द्यावे. पुढे कधी झरा आटला, तर तो प्रकल्पामुळे आटला की अवर्षणामुळे, हा वाद या नोंदींवरच सुटतो आणि नोंदी फक्त कंपनीच्या असतील, तर मुळीच सुटत नाही. ही भीती काल्पनिक नाही. वाइराकेई येथे मोठ्या प्रमाणावर वाफ आणि पाणी काढल्यानंतर जवळच्या खोऱ्यातील उष्ण फवारे बंद पडले आणि जमीनही खचली. न्यूझीलंडमधीलच रोटोरुआ येथे तर रहिवाशांनी आणि हॉटेलांनी घातलेल्या खासगी कूपनलिकांमुळेच प्रसिद्ध पोहुतु फवाऱ्याच्या परिसरावर परिणाम होऊ लागला. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात फवाऱ्यापासून दीड किलोमीटरच्या आतील कूपनलिका बंद करण्यात आल्या आणि त्यानंतर साठा सावरू लागला. जपानमध्ये उष्णोदकाच्या निवासगृहांचे मालक भूऔष्णिक प्रकल्पांना दीर्घकाळ विरोध करत आले आहेत. ‘आमचा झरा आटला तर?’ या त्यांच्या प्रश्नाला मोजमापाची वही हेच उत्तर देता येते.

जे माहीत नाही, तेही सांगा

पहिल्या जाहीर सभेत तीन गोष्टी सरळ सांगाव्यात. पहिली, सर्वेक्षणापासून वीज तयार होईपर्यंत सहज सात-आठ वर्षे लागू शकतात. दुसरी, सुरुवातीच्या शोधविहिरी निकामी ठरण्याची शक्यता मोठी असते आणि तसे झाले तर प्रकल्प इथेच थांबेल. तिसरी, प्रकल्प झालाच तरी त्यातून कायमच्या नोकऱ्या थोड्याच निर्माण होतील. अशी सुरुवात केल्यास लोकांचा उत्साह मावळेल असे वाटते, पण दोन वर्षांनी निराश होणाऱ्या गावापेक्षा पहिल्याच दिवशी सावध झालेले गाव कितीतरी बरे.

त्यानंतर त्रासाची यादी यावी, तीही त्रास सुरू होण्याआधी. खोदकाम रात्रंदिवस चालते आणि एका विहिरीला महिना-दोन महिने लागतात; विहिरीची चाचणी घेताना वाफ मोकळी सोडली जाते, तेव्हा दूरवर घोंघावणारा आवाज येतो; खोदकामाला पाणी बरेच लागते आणि ते कुठून आणणार, हे गाव विचारणारच. ही माहिती पत्रकापेक्षा दुसऱ्या चालू प्रकल्पाच्या भेटीतून जास्त पोचते. गावातील दहा-बारा जणांना, त्यांत शंका घेणाऱ्यांना आवर्जून, तिथे न्यावे आणि तिथल्या शेजाऱ्यांशी कंपनीचा माणूस जवळ नसताना बोलू द्यावे.

हायड्रोजन सल्फाइड या वायूबद्दल विशेष स्पष्टपणे बोलावे लागते. सडक्या अंड्यासारखा त्याचा वास अत्यल्प प्रमाणातही येतो, त्यामुळे वास आला म्हणजे जीवाला धोका आहे असे नाही. मात्र दहा लाख भागांत शंभर भागांच्या आसपास प्रमाण गेले की नाकाची संवेदनाच बधिर होते, म्हणून वास थांबला म्हणजे धोका टळला असेही नाही. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने खोलगट जागी साचतो. ग्रीसमधील मिलोस बेटावर १९८०च्या दशकात उभारलेले अवघे २ मेगावॉटचे प्रायोगिक केंद्र मुख्यतः या वायूच्या त्रासामुळे उसळलेल्या विरोधापुढे बंद पडले आणि त्या कडवट अनुभवामुळे बेटावरचे लोक पुढेही दीर्घकाळ अशा प्रस्तावांकडे संशयाने पाहत राहिले. इंडोनेशियात उत्तर सुमात्रातील सोरिक मारापी येथे तर २५ जानेवारी २०२१ रोजी विहीर उघडताना बाहेर पडलेल्या वायूने पाच गावकऱ्यांचा जीव घेतला. म्हणून वायुमापके, भोंगे, वाऱ्याची दिशा दाखवणारे निशाण आणि कोणत्या वाटेने कुठे जमायचे याची रंगीत तालीम या गोष्टी रिग येण्याआधी झाल्या पाहिजेत. विहीर उघडण्याची वेळ प्रत्येक घरी आदल्या दिवशी आणि पुन्हा तासभर आधी कळवली पाहिजे. इथे काटकसर करणारा प्रकल्प शेजाराला पात्र नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

भूकंपाचा प्रश्न सगळीकडे सारखा नसतो. नैसर्गिक भेगांतून पाणी मिळणाऱ्या क्षेत्रांत तो सहसा सौम्य असतो, पण कोरड्या, घट्ट खडकात दाबाने पाणी सोडून भेगा पाडण्याच्या पद्धतीत तो गंभीर होऊ शकतो. स्वित्झर्लंडमधील बाझेल शहराखाली अशा कामामुळे डिसेंबर २००६ मध्ये ३.४ तीव्रतेचा धक्का बसला, नुकसानभरपाईचे दावे दाखल झाले आणि २००९ मध्ये प्रकल्प गुंडाळावा लागला. दक्षिण कोरियातील पोहांग येथे नोव्हेंबर २०१७ मध्ये झालेल्या मोठ्या भूकंपाला तिथला प्रकल्प कारणीभूत ठरल्याचा निष्कर्ष सरकारने नेमलेल्या संशोधक पथकाने २०१९ मध्ये काढला. स्वित्झर्लंडच्याच सांक्ट गालेन शहरात मात्र नगरपालिकेने प्रकल्प आधी मतदारांपुढे ठेवला होता. २०१३ मध्ये तिथेही ३.५ तीव्रतेचा धक्का बसला, तरी बाझेलसारखा रोष उसळला नाही. आपली पद्धत कोणती, कोणत्या तीव्रतेला पाण्याचा दाब कमी करणार आणि कोणत्या तीव्रतेला काम पूर्ण थांबवणार, हे आकडे आधीच जाहीर करावेत. घरांच्या भिंतींची छायाचित्रेही आधीच काढून घरमालकाच्या सहीने दोन प्रतींत ठेवावीत, म्हणजे पुढे तडा नवा की जुना यावर भांडण होत नाही.

संमती आणि जमीन

मूलनिवासी समाजांच्या हक्कांविषयी संयुक्त राष्ट्रांनी २००७ मध्ये केलेल्या जाहीरनाम्यात मुक्त, आगाऊ आणि माहितीपूर्ण संमतीचे तत्त्व आले आहे. अनेक आंतरराष्ट्रीय कर्जदात्या संस्था ते आपल्या अटींत धरतात. भूऔष्णिक प्रकल्पात ही संमती एकदाच घेऊन चालत नाही. सर्वेक्षण, शोधविहिरी, उत्पादनविहिरी आणि वीजकेंद्र या प्रत्येक टप्प्यासाठी ती नव्याने मागावी, कारण प्रत्येक टप्प्यावर गावाला ठाऊक असलेली माहिती बदललेली असते. नकार देण्याचा हक्क खरा असेल, तरच संमतीला किंमत राहते.

जमिनीची गरज तुलनेने कमी असते. खोदकामासाठी केलेल्या एकाच चबुतऱ्यावरून तिरक्या दिशांनी अनेक विहिरी खोदता येतात आणि नळांच्या मधली जमीन चराईला मोकळी ठेवता येते. म्हणून विस्थापन टाळण्यासाठी चबुतऱ्याची जागा हलवता येते का, हा प्रश्न अभियंत्यांना वारंवार विचारत राहावे. नळमार्ग आखताना गुरांच्या वाटा पाहून ठरावीक अंतरावर नळ उंचावून घ्यावेत. हे बांधकामाच्या वेळी स्वस्तात होते, नंतर होत नाही.

विस्थापन अटळच असेल, तर केनियातील ओल्कारिया ४ प्रकल्पाचा इतिहास वाचावा. १४० मेगावॉटच्या या केंद्रासाठी मसाई कुटुंबांना २०१४ मध्ये नव्या वसाहतीत हलवण्यात आले. घरे, शाळा, दवाखाना अशा सोयी दिल्या गेल्या. तरीही नव्या जमिनीची प्रत, रस्ते, मालकीहक्काची कागदपत्रे आणि सल्लामसलतीची पद्धत यांवरून लोकांनी जागतिक बँक आणि युरोपीय गुंतवणूक बँक यांच्या तक्रारयंत्रणांकडे दाद मागितली. सल्लामसलतीत मसाईंच्या भाषेला आणि त्यांच्या पारंपरिक वडीलधाऱ्यांना पुरेसे स्थान मिळाले नाही, हा आक्षेप त्यात महत्त्वाचा होता. पुढे मध्यस्थीतून २०१६ मध्ये समझोता झाला. या प्रकरणातून घ्यायची गोष्ट अशी की नव्या जमिनीचा हक्कलेख लोकांच्या हाती पडल्याखेरीज एकही कुटुंब हलवू नये आणि गुरे पाळणाऱ्यांना जमीन देताना क्षेत्रफळापेक्षा चारा आणि पाणी मोजावे.

पैशाचा वाटा कसा ठरवावा

कित्येक देशांत वाट्याचा काही भाग कायद्यानेच ठरलेला असतो. फिलिपिन्समध्ये वीजकेंद्राने विकलेल्या प्रत्येक किलोवॉट-तासामागे एक सेंटाव्हो (पेसोचा शंभरावा भाग) यजमान समाजाच्या निधीत जातो आणि तो विद्युतीकरण, उपजीविका, वनीकरण व आरोग्य अशा कामांसाठी वापरला जातो. इंडोनेशियात केवळ वाफ विकणाऱ्याने ढोबळ उत्पन्नाचा १ टक्का आणि वीज विकणाऱ्याने ०.५ टक्का ‘उत्पादन बोनस’ म्हणून स्थानिक सरकारला द्यायचा असतो. अमेरिकेत संघराज्याच्या जमिनीवरील स्वामित्वशुल्कापैकी ५० टक्के राज्याला आणि २५ टक्के परगण्याला मिळतात. इथे एक सावधगिरी हवी. कायद्याने दिलेला वाटा बहुधा जिल्हा किंवा प्रांताच्या तिजोरीत जातो आणि ज्या गावाने रात्रीचा आवाज सोसला, त्याच्यापर्यंत तो पोचेलच असे नाही. म्हणून कायद्याच्या वाट्यापलीकडे थेट गावाशी वेगळा करार करणे शहाणपणाचे ठरते.

तो करार नफ्याच्या टक्केवारीवर बांधू नये. नफा हा हिशेबनिसाच्या हातातला आकडा असतो. कर्जाचे व्याज, घसारा आणि व्यवस्थापन शुल्क वजा करता करता तो शून्यावर आणता येतो. विकलेल्या प्रत्येक युनिटमागे अमुक रक्कम, असे सूत्र असेल तर वीजमापकाचा आकडा आणि एक गुणाकार एवढ्यावर गावातील शाळकरी मुलालाही हिशेब पडताळता येतो. रक्कम महागाईशी जोडलेली असावी, ती दर तीन महिन्यांनी जमा व्हावी आणि निधीच्या समितीत कंपनीचा माणूस असलाच तर त्याला मताधिकार नसावा.

याहून खोल भागीदारी म्हणजे मालकीतील हिस्सा. न्यूझीलंडमधील मोकाई येथे माओरी या मूलनिवासी समाजातील जमीनमालकांच्या तुआरोपाकी ट्रस्टकडे वीजकंपनीचा ७५ टक्के हिस्सा आहे. २०१० मध्ये सुरू झालेल्या न्गा आवा पुरुआ केंद्रातही माओरी ट्रस्ट भागीदार आहे. जपानमध्ये कुमामोतो प्रांतातील ओगुनी येथे एका उष्णोदक वस्तीतील कुटुंबांनी स्वतःची कंपनी काढली, सुमारे २ मेगावॉटच्या केंद्राची उभारणी आणि देखभाल बाहेरच्या कंपनीकडे सोपवली आणि वीजविक्रीतला वाटा आपल्याकडे ठेवला. मात्र ज्यांच्याकडे जमीन किंवा साठ्यावरचा पक्का हक्क नाही, अशा गावाला सुरुवातीलाच समभाग घ्यायला लावणे अन्यायाचे आहे. शोधविहिरीत पैसा बुडण्याचा धोका मोठ्या भांडवलालाच पेलतो. गावाची बचत त्यात घालू नये. गावाला ठरावीक किमतीने हिस्सा विकत घेण्याचा पर्याय लिहून द्यावा आणि उत्पादनविहिरी सिद्ध होऊन केंद्र वर्षभर चालल्यानंतर तो वापरण्याची मुभा ठेवावी, हा मधला मार्ग व्यवहार्य आहे.

स्थानिक व्यवसाय : बांधकामाचा काळ

भूऔष्णिक प्रकल्पातील कामाचा आलेख डोंगरासारखा असतो. खोदकाम आणि उभारणीच्या दोन-तीन वर्षांत शेकडो माणसे लागतात आणि केंद्र सुरू झाले की मध्यम आकाराच्या केंद्रालाही काही डझन माणसे पुरतात. ज्या गावाने चढावरची कमाई कायमची समजून कर्ज काढून ट्रक आणि खानावळी उभ्या केल्या, ते उतारावर कोसळते. प्रकल्पकर्त्याने हा आलेख महिनावार आकड्यांसह गावातील व्यावसायिकांना दाखवावा, तोही रिग येण्याच्या वर्षभर आधी.

त्याच वेळी खरेदीची यादी जाहीर करावी. रिग, टर्बाइन, विहिरीचे पोलादी आवरण आणि विशिष्ट सिमेंट बाहेरूनच येणार, हे मान्य करावे. मातीकाम, रस्ते, खडी, कुंपण, गवंडीकाम, कामगारांची निवासव्यवस्था आणि जेवण, वाहतूक, पहारा, धुलाई, इंधनपुरवठा, साधी जोडकामे आणि वृक्षलागवड ही कामे परिसरातून होऊ शकतात. अडचण बहुतेक वेळा कौशल्याची नसून निविदेच्या अटींची असते. मागील पाच वर्षांची उलाढाल, मोठी अनामत रक्कम, परदेशी भाषेतील अर्ज आणि नव्वद दिवसांनी मिळणारे देयक या चार अटी कोणत्याही छोट्या व्यावसायिकाला दारातूनच परत पाठवतात. म्हणून मोठे काम लहान तुकड्यांत विभागावे, छोट्या कामांसाठी अनामत माफ करावी, अर्ज स्थानिक भाषेत घ्यावेत आणि पंधरा दिवसांत पैसे चुकते करावेत. खेळते भांडवल नसलेल्याला काम सुरू करताना उचल द्यावी. या सर्वांत वेळेवर मिळणारा पैसा सर्वांत महत्त्वाचा आहे. बाकी सवलती देऊन देयके रखडवणारा प्रकल्प छोट्या व्यावसायिकांना मदत करण्याऐवजी बुडवतो.

मुख्य कंत्राटदाराला या गोष्टींनी बांधले नाही, तर सगळे कागदावर राहते. त्याच्या करारातच स्थानिक खरेदीचे किमान प्रमाण, उपकंत्राटदारांना पैसे देण्याची मुदत आणि मुदत चुकल्यास प्रकल्पकर्त्याने त्याच्या देयकातून कापून थेट पैसे देण्याची तरतूद असावी. कंत्राटदार गावात उधारी ठेवून निघून गेला, तर लोक कंत्राटदाराचे नाव विसरतात आणि प्रकल्पाचे लक्षात ठेवतात.

प्रशिक्षणाचेही तसेच. जोडारी, विजेची कामे, यंत्रदेखभाल आणि सुरक्षा यांचे अभ्यासक्रम गरज पडण्याच्या वर्षभर आधी सुरू व्हावेत आणि त्यांचे प्रमाणपत्र इतर उद्योगांतही चालणारे असावे. कोणत्याही व्यावसायिकाला उलाढालीचा निम्म्याहून अधिक भाग एकट्या प्रकल्पावर अवलंबून ठेवू नका, असे स्पष्टपणे सांगावे. तो ऐकेलच असे नाही, पण सांगणे आपले काम आहे.

स्थानिक व्यवसाय : उष्णतेचा वापर

डोंगर उतरल्यावर गावाच्या हाती खऱ्या अर्थाने टिकणारे काही राहत असेल, तर ती उष्णता. वाफ वेगळी केल्यावर उरलेले पाणी बहुधा शंभर अंश सेल्सिअसच्या वरच असते आणि बहुतेक ठिकाणी ते तसेच जमिनीत परत सोडले जाते. वाळवणी, दूध तापवणे, हरितगृहे उबदार ठेवणे, मत्स्यपालन, धुलाई, स्नानगृहे अशा उतरत्या तापमानाच्या कामांत ही उष्णता ओळीने वापरता येते.

याची उदाहरणे पुष्कळ आहेत आणि ती एकमेकांपासून वेगळी आहेत. केनियात नैवाशाजवळच्या एका मोठ्या फुलशेतीने भूऔष्णिक विहिरींतील उष्णता आणि कार्बन डायऑक्साइड हे दोन्ही हरितगृहांसाठी वापरले. केनियातीलच मेनेंगाई येथे दूध निर्जंतुकीकरण, धुलाई, हरितगृह आणि मत्स्यतळे यांचे छोटे प्रात्यक्षिक उभारण्यात आले. मोकाईच्या वाफेवर २०११ पासून दूध भुकटीचा कारखाना चालतो. इंडोनेशियातील लाहेंडोंग येथे ताडाच्या रसापासून साखर करण्यासाठी केंद्राची वाफ वापरली गेली आणि त्यामुळे शेतकऱ्यांचे जळाऊ लाकूड वाचले. तुर्कस्तानात किझिलदेरे येथे वाफेबरोबर येणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपासून कोरडा बर्फ तयार होतो. आइसलँडमधील ब्लू लगून हे जगप्रसिद्ध स्नानस्थळ म्हणजे मुळात स्वार्त्सेंगी केंद्रातून बाहेर सोडलेल्या पाण्याचे तळे. मला सर्वांत शिकण्याजोगे वाटते ते जपानमधील त्सुचियू. २०११च्या भूकंपानंतर तिथली कित्येक निवासगृहे बंद पडली, तेव्हा गावाने आहे त्याच उष्ण झऱ्यावर ४०० किलोवॉटच्या आसपासचे केंद्र २०१५ मध्ये सुरू केले. उत्पन्नातून विद्यार्थी आणि वृद्धांचा बसप्रवास मोफत केला आणि वापरलेल्या कोमट पाण्यावर कोळंबी वाढवली.

या वाटेवरचे अडथळे मात्र आधीच सांगायला हवेत. भूगर्भातील पाण्यात सिलिका विरघळलेली असते आणि पाणी एका मर्यादेपलीकडे थंड झाले की ती नळांत साचते, त्यामुळे किती उष्णता काढून घेता येईल याची मर्यादा रसायनशास्त्र ठरवते. गावाला कितीही हवी असली तरी ती वाढत नाही. या पाण्यात आर्सेनिक किंवा बोरॉन असू शकते आणि बोरॉन पिकांना घातक असते, म्हणून ते पाणी थेट शेतात किंवा तळ्यात न सोडता उष्णता-विनिमयकातून फक्त उष्णता घ्यावी. केंद्र देखभालीसाठी बंद असेल तेव्हा वाळवणीघराचे काय, हा प्रश्न करारात सुटलेला असावा : बंदची आगाऊ सूचना, पर्यायी बाष्पकाची (बॉयलरची) सोय आणि अचानक बंदची भरपाई. नळाचा खर्च कोणी करायचा यावर बरेच करार अडतात. मुख्य नळ प्रकल्पाने घालावा, जोडणीचा खर्च व्यावसायिकाने हप्त्यांनी फेडावा आणि उष्णतेचा दर निदान दहा वर्षांसाठी निश्चित असावा, म्हणजे बँकेलाही कर्ज देण्याचा धीर येतो.

बाजारपेठ नसेल तर मात्र फुकटची उष्णताही उपयोगाची नाही. आधी एक छोटे वाळवणीघर दोन हंगाम चालवून पाहावे, माल कोण घेतो ते बघावे आणि मगच औद्योगिक वसाहतीचे आराखडे काढावेत. उष्णता वापरण्यासाठी विनिमयक आणि झडपा बसवण्याची जागा केंद्राच्या मूळ आराखड्यात राखून ठेवणे तेवढे पहिल्याच दिवशी करावे.

तक्रार, देखरेख आणि निरोप

तक्रार तोंडी, लेखी किंवा निनावी कशीही आली, तरी तिला क्रमांकासह पोचपावती मिळावी, ठरलेल्या मुदतीत उत्तर मिळावे आणि उत्तर न पटल्यास कंपनीबाहेरील व्यक्तीकडे दाद मागता यावी. तक्रारी ऐकणारा माणूस दर सहा महिन्यांनी बदलू नये. वायू, आवाज, झरे आणि भूकंप यांची मोजमापे दर आठवड्याला गावात फलकावर लावावीत, वाईट आकड्यांसह. वायूचे प्रमाण ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेल्यास काम थांबवायला लावण्याचा अधिकार गाव आणि प्रकल्प यांच्या संयुक्त समितीला असावा. प्रकल्पकर्त्यांना ही अट जड वाटते, पण समिती हा अधिकार क्वचितच वापरते आणि तो असल्यामुळेच रात्रीच्या कुजबुजीचे रूपांतर दंगलीत होत नाही.

शोधविहिरी निकामी ठरल्या, तर काय करायचे हेही पहिल्याच करारात लिहिलेले असावे, कारण अपयशानंतर ना पैसा उरतो, ना बोलण्याची इच्छा. विहिरी सिमेंटने कायमच्या बंद करणे, चबुतऱ्याची जागा पूर्ववत करणे, केलेले रस्ते कोणाच्या ताब्यात जाणार हे ठरवणे आणि स्थानिक व्यावसायिकांची सर्व देणी चुकवणे यांसाठीची रक्कम खोदकामाआधीच वेगळ्या खात्यात ठेवावी. शेवटची सभा पहिल्या सभेइतक्याच गांभीर्याने घ्यावी, विहिरीत काय सापडले नाही ते सांगावे आणि वर्षानुवर्षे जमवलेल्या झऱ्यांच्या मोजमापाच्या वह्या उपकरणांसह गावाच्या हवाली कराव्यात.